तुलेचा गूळ

मुकादमानं आईचा अंबाडा धरला आणि तिला खिडकीपासून मागं खेचलं. ती पाठीवर पडली, तंबाखूच्या ढिगात. तोंडाला बांधलेलं फडकं सुटलं. खोकल्याची उबळ आली आणि ती आडवी-तिडवी व्हायला लागली. तशात त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली.

"कुणी सांगितलं गं खिडकी उघडायला? वारं खायला येतीस व्हय हितं? तिकडं आईसाहेबास्नी ठसका लागलाय!"

आईला बोलायचं होतं. बोलायला श्वास लागतो. तिनं नुसता छातीवर हात ठेवून दाखवला. मी दारात उभी होते, तिची भाकरी घेऊन आलते. मुकादमानं माझ्याकडं बघितलं आणि हसला.

"पानी पाज तुझ्या आईला. आन परत बसव जाग्यावर."

मग त्यानं हातोडी आणली, खिडकीवर फळी आडवी धरली आणि खिळे ठोकले. शेडभर बायका मान खाली घालून तंबाखू बडवत राहिल्या. एकीनंबी मान वर केली न्हाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी बघितला. आणि मीबी काय केलं न्हाय. आईला पाणी पाजलं आणि परत जाग्यावर बसवलं.

ही निपाणीची गोष्ट. आणीबाणी उठून गेलती, त्या उन्हाळ्यातली. चौकात माणसं म्हणत होती, आता मोकळं झालं, आता बोला काय बोलायचं ते. आमच्या शेडात ते वारं पोचलं नव्हतं.

वखार म्हणजे तंबाखूचं गोडाऊन. आजूबाजूच्या गावांतनं वाळलेली तंबाखू यायची. बायका ती दांडक्यानं बडवायच्या, चाळणीनं चाळायच्या. बारीक माल एकीकडं, काडी एकीकडं. विडीत जी तंबाखू भरतात ती ही. निवडायचं काम पुढच्या खोलीत, तिथं दुसऱ्या जातीच्या बायका. बडवायचं काम मागच्या शेडात, तिथं आमच्या, म्हारवाड्यातल्या. आम्ही धम्म घेतला होता, आळीवर निळा झेंडा होता, पण वखारीत आम्ही म्हारणीच. धूळसुद्धा जात बघून वाटून दिलेली.

पत्र्याचं शेड. वरनं ऊन, आतनं धूळ. समोर बसलेली बाई दिसायची न्हाय. नवी पोर कामाला आली की पहिल्या दिवशी ओकायची, घेरी येऊन पडायची. बाकीच्या हसायच्या. म्हणायच्या, "लागली गं तंबाखू. हुईल सवय." सवय व्हायची. मग खोकला लागायचा. मग बाई वाळायला लागायची. मग एक दिवस यायची बंद व्हायची.

शेडाला एकच खिडकी. वारं आलं की बारीक माल उडतो म्हणून ती बंद ठेवायची, असं मुकादम सांगायचा. साफ खोटं. खिडकीच्या समोर मालकाचं घर होतं. घराच्या सोप्यात झोपाळा आणि झोपाळ्यावर मालकाची आई. सगळं गाव तिला आईसाहेब म्हणायचं. खिडकी उघडली की आमच्या शेडातली धूळ तिच्या झोपाळ्यापर्यंत जायची. ती एकदा खोकली की मालक माणूस पळवायचा, बघ रे कुणी उघडली. आमच्या बायका दिवसभर खोकायच्या. त्यांच्यासाठी कोण पळत आलं न्हाय.

त्यांच्यासाठी गूळ होता. सुट्टी झाली की फाटकाशी मुकादम एकेक खडा द्यायचा. मालकाचा दानधर्म तो. गूळ खाल्ला की नरड्यातली धूळ खाली जाते, पोटात गेली की संपली, असं सगळ्या बायका म्हणायच्या. पुढच्या खोलीतल्या बायकांच्या हातावर गूळ ठेवायचा. आमच्या पदरात वरनं टाकायचा. कधी नेम चुकायचा, खडा मातीत पडायचा. आई तो उचलायची, फुंकर मारायची आणि तोंडात टाकायची. "गुळानं लई बरं वाटतंय बघ," म्हणायची. त्या गुळाच्या भरवशावर ती दवाखान्याला गेली न्हाय. आम्ही सगळीच येडी. विष खात होतो आणि वरनं गूळ लावत होतो.

लाथ बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला चुलीपुढं रक्त पडलं. तिनं गपचिप त्याच्यावर राख ओढली. मी बघितलं ते तिला कळलं. "कामावर सांगू नगंस," एवढंच बोलली. पण शेजारच्या शेवंताआक्कानं आईकडं एकदा बघितलं आणि हात धरला. ही आक्का शेडात आईच्या बाजूलाच बसायची. ती म्हणाली, "आता हितं न्हाय. बेळगावला चला, मोठ्या सरकारी दवाखान्यात."

बसमध्ये आई खिडकीशी बसली. वारं तोंडावर घेत होती. डोळे मिटलेले. मला वाटलं, बरी व्हायला लागली.

दवाखान्यात खिडकीमागं एक माणूस होता. आमच्याकडं वर न बघता त्यानं कानडीत सांगितलं, "नाळे बा." उद्या या. तेवढं कानडी आम्हाला येत होतं. कचेरीत, दवाखान्यात आमच्या लोकांनी जन्मभर तेवढंच ऐकलेलं. आक्का हात जोडून म्हणाली, "साहेब, रक्त पडतंय हो." तो परत म्हणाला, "नाळे बा." आणि त्यानं झडप ओढून घेतली. आम्ही व्हरांड्यात बसलो. त्याच दिवशी दिवस बुडताना आई माझ्या मांडीवर गेली. तोंडातनं रक्त आलं ते माझ्या परकरावर. आई पस्तिशीची बी नव्हती.

बाप तर मी लहान असतानाच गेलता. वखारीतच पोती उचलायचा. राहिलो आम्ही दोघी. मी आणि धाकटी.

मातीच्या दुसऱ्या दिवशी आईची आत्या आली. जांबोटीकडची, डोंगरातली. फाट्यापर्यंत चालत, मग एक बस, मग दुसरी बस. दारात येऊन उभी राहिली. डोकं पांढरं फक. तोंडात दात न्हाय. पण कंबर ताठ, आवाज खणखणीत. आळीतली पोरं तिला बघायला दाराशी जमली. एका पोरीनं हळूच तिच्या केसाला हात लावून बघितला. आमच्या आळीत एवढी म्हातारी बाईच नव्हती. आज्जी म्हणून हाक मारायला कोण नव्हतं. आईची आई तंबाखू बडवत गेली. तिच्या दोघी बहिणी तशाच. कोण गेली की आळी म्हणायची, आयुष्यच तेवढं लिहिलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या परत वखारीत.

आत्याआज्जी आईच्या जात्याजवळ बसली आणि तिनं टाहो फोडला.

"आगं, हिचं नाव मी ठिवलं! पाळन्यात घालून हिच्या कानात कुर्र मी केलं! आन हिच्या मातीवर रडायला मीच आले व्हय गं? उलटं झालं की गं हे, पार उलटं झालं!"

रडून झाल्यावर ती पाणी प्याली. मी तिच्याकडं बघत होते. ती बी गरीबच. लोकाची भातं लावायची, गुरं राखायची, चार महिने पावसात भिजायची. तिला काय तूपरोटी मिळत नव्हती. मी विचारलं, "आज्जी, तुला खोकला न्हाय?"

"मला कशाचा खोकला गं? रानात वारं हाय की."

ती सहज बोलली. मला मात्र ते वाक्य डोक्यात बसलं.

ती पाणी पीत होती तेवढ्यात मुकादम आला. आळीच्या तोंडाला उभा राहिला, आत आला न्हाय. तिथनंच ओरडला, "जागा रिकामी ऱ्हात न्हाय. उद्यापास्नं पोरीला लावून द्या. ही दमली तर म्होरं धाकटी हाय की!"

वखारीची रीतच ती. बाई मेली की तिच्या जाग्यावर तिची पोर, न्हायतर सून. आईच्या आईची जागा आईला मिळालेली. आईची मला. मालकाच्या पोरांना बापाच्या वखारी मिळतात, तशी आम्हाला आयांची जागा. आळीतल्या बायका त्याला उपकार समजायच्या.

आत्याआज्जी तरातरा उठली. "मुडदा बशिवला तुजा! तिची माती तरी वाळू दे रं!"

मुकादम हसत गेला. पण पोटाला काय सांगायचं? आत्याआज्जी धाकटीपाशी राहिली आणि मी गेले. शेडात जमीन मातीची होती. आई बसायची तिथं बसून बसून खळगा पडला होता. मी त्यात बसले. बरोबर बसले. आईचं दांडकं तिथंच पडलेलं, मुठीला तिच्या हाताचं तेल लागून काळं झालेलं. पहिल्या दिवशी मी ओकले. शेवंताआक्का माझी पाठ चोळत होती. "हुईल सवय," म्हणाली आणि तिलाच हुंदका आला.

पंधरवडा झाला नसंल, तेवढ्यात वखारीत बोलबाला झाला. आईसाहेबांना ऐंशी पुरी झाली, आता सहस्रचंद्रदर्शन. म्हणजे एवढं जगलं की माणसाच्या हजार पुनवा बघून होतात म्हणे, त्याची पूजा. आणि आईसाहेबांची गुळानं तुला करायची. तो गूळ गोरगरिबांना वाटायचा. गोरगरीब म्हणजे आम्ही. काम बंद ठेवलं, पण आम्हाला सुट्टी न्हाय. आमच्या शेडातल्या बायकांनी मालकाचं अंगण सारवलं. तंबाखूची पोती ज्या तराजूवर जोखायची, तो मोठा तराजू आम्हीच घासून धुतला. त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. किती घासला तरी तंबाखूचा वास गेला न्हाय.

एका पारड्यात पाट टाकून आईसाहेबांना बसवलं. गोरी, ठेंगणी, अंगावर शालू. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. पारडी बरोबरीला आली तशा टाळ्या वाजल्या. सुना ओवाळत होत्या. आम्ही फाटकाशी उन्हात उभ्या होतो.

एक पाहुणा आमच्याकडं बघून मालकाला म्हणाला, "कामाला सगळ्या पोरीबाळीच दिसतात. जुन्या, म्हाताऱ्या बायका नाहीत का कुणी?"

मालक म्हणाला, "या लोकांत आयुष्यच कमी. रक्तच तसं असतं. आमच्याकडे बघा, आईची आईसुद्धा नव्वदी बघून गेली. शेवटी वंश असतो हो."

हसत म्हणाला. आमच्या देखत. आम्हाला कान न्हाईत असं समजून.

रक्तच तसं? माझ्या घरात जात्याजवळ पांढऱ्या डोक्याची आत्याआज्जी बसली होती. आईच्या बापाची सख्खी बहीण. रक्त तेच. जात तीच. भाकरी आमच्यापेक्षा कमी. फरक एकच, तिच्या छातीत यांची तंबाखू न्हाय. ही झोपाळ्यावरची बाई ऐंशी वर्षं जगली ती काय वंशानं? आमची खिडकी ठोकून जगली. आमची धूळ आमच्याच नरड्यात दाबून जगली.

मग वाटप सुरू झालं. आज आईसाहेब आपल्या हातानं देणार होत्या. बायका एकेक करून पुढं गेल्या. माझी पाळी आली.

"कुणाची गं तू?"

मुकादम म्हणाला, "बडवनीतल्या त्या बाईची पोर, आईसाहेब. गेली ती."

"अगंबाई, गेली? परवापर्यंत तर खोकत होती." आणि हात वर धरून खडा सोडला. "घे हो. औक्षवंत हो."

मी पुढं ओटी धरली नव्हती. खडा सारवलेल्या अंगणात पडला.

"उचल," मुकादम म्हणाला.

"न्हाय उचलनार."

"गाढवाला गुळाची चव काय!" तो पाहुण्यांकडं बघून म्हणाला, आणि पाहुणे हसले.

मी खडा उचलला. मुकादमाला वाटलं, वळणावर आली. मी तो सगळा जीव लावून तराजूवर फेकला. पारड्यावर दणका बसला, ढेप घरंगळली, साखळ्या हलल्या. सुनेच्या हातातलं तबक खाली पडलं.

"माजी आई रक्तानं न्हाय मेली," मी ओरडले. "तुमच्या खिडकीनं मेली! हिला ठसका लागू ने म्हनून मेली!"

मुकादमाची थप्पड तोंडावर बसली. ओठ फाटला, दात हलला. मग केस. आईचे धरले होते तसेच, तेच हात. मालक जाग्यावरनं हलला न्हाय. नुसता म्हणाला, "इथं नको. मंगल काम आहे. बाहेर ने."

बाहेर नेऊन त्यानं मला दांडक्यानं मारलं. पाठीवर, पोटरीवर, उठले की परत. आत सनई लावलेली, तिच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नसंल. शेवंताआक्का माझ्या अंगावर पालथी पडली तेव्हा तो थांबला. थुंकला आणि म्हणाला, "उद्या ही वखारीत दिसता कामा न्हाय. धाकटीला लावून द्या."

धाकटीला.

ती अजून सागरगोट्यांनी खेळत होती. घरी आले तेव्हा दाराशी बसली होती. माझं तोंड बघून तिच्या हातातले गोटे गळाले. आत्याआज्जीनं हळद लावली, शिव्या घातल्या, रडली. म्हणाली, "चल माज्यासंगं दोघीबी. डोंगरात चला." जायचं सोपं होतं. पण जागा रिकामी राहत न्हाय. आम्ही गेलो असतो तर त्या खळग्यात दुसऱ्या कुणाची तरी धाकटी बसली असती.

मी म्हणाले, "धाकटीला ने. मी ऱ्हाते."

सकाळी भोंगा झाला तशी मी वखारीत गेले. पाठ उभी राहत नव्हती. फाटकावरचा माणूस "ए, ए" करेपर्यंत मी शेडात. आईचं दांडकं उचललं. बसले न्हाय. सरळ खिडकीकडं गेले आणि फळीवर घाव घातला.

पहिल्या घावाला काय झालं न्हाय. माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या. दुसरा घातला. तिसरा घातला. शेडातलं बडवणं थांबलं. दिवसभरात तिथं कधी शांतता नसायची, ती झाली. मग मागनं पावलं आली. शेवंताआक्का तिचं दांडकं घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं पदर खोचला.

"सर जरा. मला बी जागा दे."

दोघींनी मिळून हाणलं. फळी फुटली, खिळ्यांसकट उपसली, मागचं तावदान खळाखळा खाली आलं. आणि वारं आत आलं. भपकन आलं. इतक्या वर्षांची धूळ उठली आणि त्या भोकातनं बाहेर निघाली, उन्हात पिवळी दिसत होती. थेट समोरच्या सोप्यात गेली. झोपाळा हलत होता तो थांबला. आईसाहेब खोकल्या. परत खोकल्या.

मुकादम धावत आला. हात उगारला. मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाय. मी दांडकं त्याच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो हात पोटाशी धरून खाली बसला आणि आईच्या नावानं ओरडला. त्यालाबी आई होती तर. मला दया आली न्हाय. आज बी येत न्हाय.

बायका उठल्या. सगळ्या न्हाय. निम्म्या तशाच मान खाली घालून बसलेल्या, त्यांचा बी राग न्हाय, त्यांच्या घरात चुली होत्या. पण उठल्या त्या दांडकी घेऊन उठल्या, आणि माझ्या मागं खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मालक सोप्यातनं खिडकीसमोर आला. तोंडाला रुमाल. "लावा आधी ते! आईला त्रास होतोय, दिसत नाही का?"

"दिसतंय की," मी म्हणाले. "आमच्या आईला बी हुत हुता."

त्या दिवशी मला पोलिसांनी नेलं. तिथं बी मार खाल्ला. मालकानं दुसरी फळी ठोकून घेतली. मी सुटून आले, बायकांच्या घोळक्यातनं शेडात शिरले आणि आम्ही ती फळी फोडली. फाटकाशी गूळ घ्यायचा आम्ही बंद केला. मुकादम टाकायचा, खडे मातीत पडायचे, त्याला मुंग्या लागायच्या. तोंडाला गूळ न्हाय, आता शेडाला वारं. तेवढंच मागणं. त्याच्यासाठी कुणी हात जोडणार न्हाय.

आता ऐका. आयुष्य वरनं लिहून येत न्हाय. ते वखारीच्या खिडकीत ठरतं, दवाखान्याच्या खिडकीत ठरतं. मालकाला सांगा, तुझी फळी तू रोज ठोक, मी रोज फोडीन. हातोडी धरंल त्याचा हात मोडीन. आणि ती मातीतली जागा, आज्जीची, मग आईची, मग माझी, तिथं माझ्यानंतर कोण बसणार न्हाय. तो खळगा मी माझ्या हातानं बुजवणार हाय.